मालजहाज लढाईवर गेलं तेव्हा

मी लढाईत होतो असं कुणी माझ्याबद्दल सांगायला लागलं की मी अवघडून जातो. होतो हे खरं. पण मी बंदूक धरली नाही, शत्रू पाहिला नाही, आणि आमच्या जहाजानं ज्या किनाऱ्यावर जवान उतरवले तो किनाराही मला दिसला नाही. त्या वेळी मी पाण्याच्या पातळीखाली, इंजिनघरात, एका लोखंडी पेटीत खांद्यापर्यंत उजवा हात घालून पालथा पडलेलो होतो. तो हात आज म्हातारपणी माझ्या अंगाला आहे आणि त्याच हातानं मी हे लिहितो आहे, ते मुरुडच्या एका माणसामुळं. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या घरच्या माणसांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचं घर नांदेडातलं, पिढीजात मिस्त्र्यांचं. आजोबा कुलपं आणि बंदुका दुरुस्त करायचे, अब्बांनी ऑईल इंजिनं धरली. विहिरींवरच्या मोटा जाऊन इंजिनं येऊ लागली होती तो काळ. उमरीकडून, मुदखेडकडून, कुठूनही निरोप यायचा की अब्बा हत्यारांची पिशवी घेऊन गाडीत बसायचे. मी मराठी शाळेत शिकलो आणि शाळा झाल्यावर त्याच कामाला लागलो. पुढं अब्बांचे एक चुलतभाऊ मुंबईला गोदीतल्या वर्कशॉपात होते, त्यांनी बोलावून घेतलं. दोन वर्षं तिथं काढली आणि मग एका मालवाहू जहाजावर फिटर म्हणून चढलो. घरी अम्मीला जहाज म्हणजे काय ते समजावताना माझी पंचाईत झाली. तिनं गोदावरीतली नाव तेवढी पाहिलेली. "उसमें सोता किधर रे तू?" हाच तिचा प्रश्न.

जहाजावर तिसऱ्या दिवशी मला मामा भेटले. इंजिनघरात इतका आवाज असतो की माणसं खुणेनंच बोलतात. मी पंपाचे नट आवळत होतो आणि माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा एक काळासावळा माणूस तेलाचा डबा घेऊन माझ्या बाजूला आला. त्यानं बेअरिंगला हाताची पाठ लावली आणि स्वतःशीच म्हणाला, "लई तापून ऱ्हायलंय की रं हे."

मी पाना खाली ठेवला. नांदेड सोडल्यापासून तसली बोली कानावर पडली नव्हती.

"मामा, कुठले तुम्ही?" मी ओरडून विचारलं.

"मुरुडचा. लातूरकडचं मुरुड. अन् तू?"

"नांदेड!"

"मंग शेजारचाच की!" असं म्हणून त्यांनी तेलकट हातानं माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून ते माझे मामा आणि मी त्यांचा मिस्त्री. पुढं सगळं जहाजच त्यांना मामा म्हणायला लागलं.

मामा आधी सूतगिरणीत बॉयलरवर होते, तिथून जहाजावर आले. त्यांचं काम तेलवाल्याचं. चालत्या यंत्रांना तेल द्यायचं आणि कुठं काही बिनसत असेल तर ते आधी ओळखायचं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहायचे आणि आत काय झिजलंय ते सांगायचे. समुद्र खवळला की पोटात काय ठेवायचं, डुलत्या बिछान्यात कसं झोपायचं, उलटी आली तर कुठल्या बाजूच्या कठड्याला जायचं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. त्यांच्या पेटीत घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी असायची. ती ते कुणाला फारशी दाखवत नसत, मला मात्र रोज चिमूटभर द्यायचे.

एकाहत्तर साली आम्ही गहू घेऊन कलकत्त्याच्या बंदराला लागलो होतो. माल उतरून झाला त्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांना डेकवर बोलावलं. त्यांच्याशेजारी नौदलाचा एक अधिकारी उभा होता. कॅप्टन म्हणाले, "हे जहाज सरकारनं नौदलाच्या कामासाठी घेतलं आहे. कुठं जायचं, किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. ज्याला घरी जायचं असेल त्यानं आज सांगावं. त्याच्या नावापुढं वाईट शेरा मारला जाणार नाही."

काही जण उतरले. कुणाचं मूल लहान, कुणाची आई एकटी. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. माझ्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. लढाई पाकिस्तानशी होणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि मी मुसलमान. मला कुणी एका शब्दानं काही म्हणालं नव्हतं, पण उद्या कुणाच्या मनात आलं तर? त्यापेक्षा आपण होऊन विचारावं म्हणून दुपारी मी आमच्या चीफ इंजिनिअर साहेबांकडं गेलो. साहेब म्हातारे होते, फार बोलत नसत.

"साहेब, मी राहिलो तर चालेल ना?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी का विचारतोय ते त्यांना कळलं असावं. पण ते एवढंच म्हणाले, "दोन नंबरच्या जनरेटरचं काम अर्धं टाकून कुठं निघालास तू?"

मी जाऊन जनरेटर उघडून बसलो. साहेबांना जाऊन किती वर्षं झाली, पण त्या एका वाक्याबद्दल मी अजून त्यांचा आभारी आहे. त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून धीर दिला असता तर मी कदाचित उतरलोच असतो.

मामांना विचारलं, "तुमचं काय?"

"तू ऱ्हाऊन ऱ्हायला ना? मंग मी बी ऱ्हातो," ते म्हणाले. "चटणी अजून अर्धी हाय."

मग आठवडाभर आमच्या जहाजाचं रूप बदलत गेलं. काळं-पांढरं जहाज एकसारखं करडं रंगवलं. नावावरूनही रंग फिरला. मागच्या डेकखाली लोखंडी टेकू देऊन वर तोफ बसवली. ज्या कोठारांत गहू असायचा तिथं फळ्या टाकून जवानांना झोपायची जागा केली, पाण्याच्या टाक्या ठेवल्या. खिडक्यांच्या काचा काळ्या केल्या. नौदलाची काही माणसं आमच्यात येऊन राहिली. सुरुवातीला ती आम्हाला आणि आम्ही त्यांना परके. पण ज्या दिवशी त्यांच्या अधिकाऱ्यानं खाली येऊन चीफ साहेबांना विचारलं, "आपलं जहाज जास्तीत जास्त किती जोरात पळेल?" त्या दिवशी 'आपलं' हा शब्द आम्ही सगळ्यांनी ऐकला. साहेबांनी खरा आकडा सांगितला. अधिकाऱ्याचा चेहरा पडला. शेवटी ते गहू वाहणारं जहाज होतं.

घरी पत्र लिहायचं तर खुशालीपलीकडं काही लिहायची परवानगी नव्हती. मी लिहिलं, "मी मजेत आहे. जेवण चांगलं आहे. सोबतीला लातूरकडचे मामा आहेत." ते कार्ड अम्मीनं गल्लीतल्या मास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं, असं मला नंतर कळलं.

मग जवान चढले. पहाडातली पोरं, बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. बंदर सुटून जहाजाला हेलकावा लागला तशी निम्मी कठड्याला लागली. मामांनी पेटीतून चटणी काढली आणि डेकवर जाऊन एकेकाच्या तळहातावर चिमूट ठेवत गेले. "चाटा, चाटा. पोट धरतं," असं मराठीतच सांगत होते आणि ती पोरं डोळ्यांत पाणी आणून चाटत होती. असा डबा रिकामा झाला.

किनाऱ्याजवळ पोचलो तो दिवस मला आवाजांनी आठवतो. वरून हुकूम यायचा तो घंटेनं. आमच्यासमोर एक तबकडी होती, तिचा काटा फिरायचा आणि घंटा वाजायची: सावकाश पुढं, थांबा, सावकाश मागं. मग बराच वेळ काहीच नाही. नांगर पडल्याचा खडखडाट झाला. वर बुटांचा आवाज सुरू झाला, म्हणजे जवान दोरांच्या जाळीवरून खाली नावांत उतरत होते. मधूनच विमान गेल्याचा आवाज आला. आपलं की त्यांचं, ते आम्हाला खाली कळायला मार्ग नव्हता. मामा म्हणाले, "आपलंच आसंल," आणि तेल द्यायला लागले.

तिथं नद्यांची तोंडं जवळ होती आणि पाणी उथळ, गाळानं भरलेलं. जहाजाचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत ओढून घेतात. ते पाणी आधी एका लोखंडी पेटीतल्या चाळणीतून जातं आणि मग पंपात. थोड्या वेळानं पंपाचा दाब उतरायला लागला. चाळणी तुंबली होती. दुसऱ्या बाजूचं पाणी घ्यायला गेलो तर तीही तुंबलेली. चीफ साहेबांनी इंजिन बंद करायला लावलं, घड्याळ पाहिलं आणि आम्हाला जवळ बोलावून सांगितलं, "ओहोटी लागली आहे. अर्ध्या तासात इंजिन सुरू झालं नाही तर जहाज इथंच गाळात रुतेल. आणि इथं रुतून चालणार नाही."

मी आणि मामा पेटीकडं धावलो. पाण्याची झडप बंद केली, पण तिच्या बैठकीत काहीतरी अडकलं होतं, ती पुरती बसेना. झाकण उघडताच गार खारं पाणी उसळून वर आलं. बिडाचं ते झाकण दोघांनी मिळूनही उचलणं कठीण, म्हणून ते चेन-कप्पीला टांगून वर घेतलं होतं. मी पालथा पडलो आणि आत हात घातला. गाळ, शेवाळ, शिंपले मी मुठीमुठीनं उपसत होतो. मग बोटांना दोर लागला. कोळ्याच्या जाळ्याचा एक मोठा तुकडा चाळणीला गुंडाळून बसला होता. तो निघाल्याशिवाय काही उपयोग नव्हता. मी खांद्यापर्यंत हात घालून ओढायला लागलो. पाणी माझ्या हनुवटीला लागत होतं. मामा माझ्या बाजूला गुडघ्यांवर बसून साखळी धरून होते.

"येतंय का?" ते विचारायचे.

"येतंय, येतंय."

आणि तेवढ्यात जहाजाचं बूड गाळाला टेकलं. धक्का फार मोठा नव्हता. डेकवरच्यांना कदाचित जाणवलाही नसेल. पण साखळीचा आकडा निसटला आणि झाकण खाली आलं. मला दिसलं ते एवढंच, की डोक्यावरचा दिवा झाकला गेला. हात बाहेर काढायला वेळच नव्हता. झाकण माझ्या दंडावर यायला हवं होतं. ते आलं नाही. ते दीड-दोन बोटं वरच थांबलं.

मामांनी झाकण आणि पेटीच्या काठामध्ये स्वतःचा उजवा हात घातला होता.

ते ओरडले नाहीत. दात आवळून म्हणाले, "काढ... हात काढ." मी काढला. दुसऱ्या दोघांनी पहार लावून झाकण उचललं. मामा मागं भिंतीला टेकून बसले, उजवा हात डाव्या काखेत धरून. त्यांचा सदरा लाल होत चालला होता. मी त्यांच्याकडं सरकलो तर त्यांनी मानेनंच पेटीकडं खूण केली. "जाळी. आधी जाळी काढ, मिस्त्री."

मी परत हात घातला. या वेळी जाळं निघालं. झाकण बसवलं, नट आवळले, झडप उघडली. साहेबांनी इंजिन सुरू केलं, दाब चढला, वर नांगर उचलल्याचा खडखडाट झाला, घंटा वाजली, आणि जहाज मागं सरकत गाळातून सुटलं. ओहोटी लागून फार वेळ झाला नव्हता म्हणून जमलं.

नौदलाच्या माणसांबरोबर औषधोपचार करणारा एक जण होता. त्यानं जेवणाच्या टेबलावर मामांच्या हातावर काम केलं. तीन बोटं वाचली नाहीत. अंगठा आणि करंगळी राहिली. मी त्यांचे खांदे धरून उभा होतो. मामा शुद्धीवर आले तेव्हा चीफ साहेब स्वतः चहाचा मग घेऊन आले आणि तो मामांच्या तोंडाला लावून उभे राहिले. त्या जहाजावर साहेबांना कुणी कुणाला चहा देताना पाहिलं नव्हतं.

काही दिवसांतच लढाई संपली. आम्ही परत कलकत्त्याला आलो, मामांना दवाखान्यात ठेवलं आणि तिथून ते गावी गेले. जवानांचं पुढं काय झालं, कोण परतलं, कोण नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. जहाजाचा करडा रंग खरवडून पुन्हा काळा-पांढरा दिला, तोफ उतरवली, आणि मी रजा घेऊन नांदेडला आलो.

अम्मीला सगळं सांगितलं. तिनं माझा हात मनगटापासून खांद्यापर्यंत चाचपून पाहिला आणि म्हणाली, "चल. मेरेकू उनके घर ले चल."

नांदेडहून एसटीनं लातूर आणि लातूरहून छोट्या रेल्वेनं मुरुड. अम्मीनं बुरख्याखाली पेढ्यांचा पुडा धरला होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मामांचं घर वेशीजवळ, दोन खणांचं. मामा अंगणात बाजेवर बसले होते. मला बघून उठले, हसले आणि हात पाठीमागं घेतला. अम्मीनं तो हात मागून पुढं आणला, दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांना लावला. मामा लाजून चूर झाले.

"अवं माय, आसं नका करू," ते म्हणत होते.

मामी दारात सुपात तूर पाखडत होती. ती उठली नाही. अम्मीनं पेढे पुढं केले तसं तिनं सूप खाली ठेवलं आणि बोलायला लागली.

"धा बोटं घिऊन गेलं माणूस, सात घिऊन आलं. पायजम्याची नाडी बांधता येईना त्याला. डाव्या हातानं घास तोंडाला न्यायला जातंय अन् अंगावर सांडून घेतंय. तुमचं लेकरू धड आलं, तुम्ही पेढे घिऊन आलाव. मी काय वाटू?"

"अगं ए..." मामा म्हणाले.

"गप बसा तुम्ही. खोटं बोलून ऱ्हायले का मी?"

मला वाटलं आता उठून जावं. पण अम्मीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "सच बोलती बाई," ती म्हणाली. "बैठ तू." तिनं पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला, बुरखा काढून खुंटीला लावला आणि मामीसमोर बसून तिच्या हातातून सूप घेतलं. मामीनं घेऊ दिलं. दोघी तूर पाखडत बसल्या.

आम्ही एका दिवसासाठी गेलो होतो, चार दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मळ्यातलं इंजिन बंद पडलं. गावातल्या मिस्त्रीला काही केल्या कळेना. मामा मला म्हणाले, "चल, बघू तरी." विहिरीवर जाऊन त्यांनी डाव्या हातानं स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला लावला, मूठ कानाला, आणि मला हँडल मारायला सांगितलं. दोन फेऱ्यांत म्हणाले, "इंजिनात काई न्हाई. पंपाकडचं बेअरिंग गेलंय." मी खोललं. बेअरिंगच गेलेलं होतं. संध्याकाळी पाटाला पाणी लागलं.

घरी आल्यावर मामीनं दोघांना पाणी दिलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तुझा हात वाचलाय न्हवं?" ती म्हणाली. "मंग त्यो हितं चालव."

मी अम्मीकडं पाहिलं. ती चुलीपुढं भाकरी थापायला शिकत होती आणि तिला ती जमत नव्हती. मान वर न करता म्हणाली, "ठीक बोल रही. रह जा."

मी जहाजावर परत गेलो नाही. मुरुडच्या बाजाराच्या रस्त्याला आम्ही इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी खोल खणल्या जात होत्या, इंजिनं खाली खाली उतरवली जात होती आणि सारखी बंद पडत होती. आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मामा ऐकून सांगायचे, मी खोलायचो. सुट्या भागांचा कारभार मामीनं घेतला. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुठला वॉशर कुठल्या इंजिनाचा ते ती हाताच्या चाचपणीनं सांगायची. मी चुकीचा पाना मागितला तर देतच नसे. "त्यो न्हाई बसायचा. हा घे," म्हणायची, आणि तिचंच बरोबर असायचं. पुढं माझं लग्न झालं. बायको उदगीरची, तिच्या बोलण्यात कानडी शब्द यायचे. मुरुडला आली तेव्हा बिचारी कुणाला ओळखत नव्हती. पहिल्या बाळंतपणात मामी दीड महिना आमच्या खोलीवर राहिली. तिचं माझ्याशी बोलणं अजूनही तोडून असायचं. पण माझ्या मुलीच्या अंगाला तेल लावताना ती गाणी म्हणायची, ती मी बाहेरून ऐकायचो.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मग नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी उचलणारे मोठे पंप बसायला लागले. तिथल्या ठेकेदाराला मोठ्या पंपांवर काम केलेला माणूस हवा होता आणि त्याला कुणीतरी माझं नाव सांगितलं. अब्बा तोवर थकले होते, नांदेडला कुणीतरी असणं गरजेचं होतं. मला मुरुड सोडवेना. मामांनीच विषय काढला.

"जा," म्हणाले. "थोरलीनं मोटारी भरायचं शिकून घेतलंय. आता इंजिनं ऱ्हातील किती दिस? मोटारीच येणार. ती बघंल दुकान."

त्यांच्या थोरल्या लेकीनं खरोखरच विजेच्या जळक्या मोटारींची तार नव्यानं भरायचं काम शिकून घेतलं होतं, आणि पुढं तिनं ते दुकान माझ्यापेक्षा चांगलं चालवलं.

विष्णुपुरीला मी आधी रोजंदारीवर आणि मग कायम, असा निवृत्त होईपर्यंत राहिलो. पुराच्या दिवसांत गोदावरी झाडं, पाला, कपडे, मेलेली जनावरं, काय काय घेऊन यायची आणि पंपापुढच्या जाळ्या तुंबायच्या. त्या साफ करताना मी हाताखालच्या कुणालाही पक्का टेकू लावल्याशिवाय कशाखाली हात घालू देत नसे. ते मला भित्रा म्हणायचे. म्हणू देत. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या पाळीत कुणाचं बोट गेलं नाही.

एकदा मामा-मामी आमच्याकडं आले तेव्हा त्यांना पंपघर दाखवायला नेलं. मामांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, तो ते जवळ बाळगायचेच, आणि चालत्या पंपाला लावून डोळे मिटले. आमचे तरुण इंजिनिअर साहेब हसले. मामा म्हणाले, "चांगला हाय. पर वरचं बेअरिंग जरा कोरडं हाय बघा." साहेबांनी ग्रीस भरायला सांगितलं आणि मग मामांना आपल्या खुर्चीवर बसवून चहा पाजला. परतताना मामी बंधाऱ्यावर उभी राहून पाण्याकडं बघत होती. "येवढं पाणी," ती म्हणाली, "अन् आपल्या मुलखात!" त्यांनी जहाजावर पाहिलेलं पाणी याच्यापेक्षा किती मोठं होतं, ते मामा तिला सांगायला लागले, पण तिनं ऐकून घेतलं नाही.

मामा तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटी त्यांना लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि मी आठवडाभर त्यांच्याजवळ होतो. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी न विचारलेली गोष्ट तिथं विचारली. दुपारची वेळ होती, मी त्यांना मोसंबी सोलून देत होतो.

"मामा, त्या दिवशी हात का घातलात मध्ये?"

"इचार केलाच न्हाई," ते म्हणाले. "इचार केला आसता तर घातला नसता. मी काय येवढा मोठा माणूस हाय का?" मग मोसंबीची फोड तोंडात धरून म्हणाले, "पर घातला ते बरं झालं. न्हाई तर तू नांदेडला गेला आसता अन् मी बसलो आसतो समुद्रात हिंडत. लेकींची लग्नं बी दिसली नसती."

आभार मानायचे राहिले आणि मी दुसरं मोसंबं सोलायला घेतलं. ते त्यांनी सगळं खाल्लं. चार दिवसांनी मुरुडला, घरी, ते गेले. माझी बायको, मुलगी, आम्ही सगळे होतो. तिरडीला खांदा द्यायला मामीनं मला आवाज देऊन पुढं बोलावलं. मी मुसलमान, गावचे लोक काय म्हणतील, असं मनात आलं. पण कुणी काही म्हणालं नाही, उलट एकानं सरकून जागा दिली.

मामी आता मुरुडलाच लेकीजवळ असते. गुडघे दुखतात, डोळा एकच चालतो, पण दुकानातला आवाज ऐकून काय चुकतंय ते घरातून ओरडून सांगते. मी महिन्याला एकदा जातो. मागच्या खेपेला तिनं मला बाजेवर शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाली, "तुझी माय आली होती पेढे घिऊन, तवा मी नगं ते बोलले. ती माऊली गेली, पर माझ्या मनातून जाईना."

"मामी, तुम्ही बोललात म्हणून तर मी थांबलो," मी म्हणालो. "पेढे घेतले असते तर आम्ही दुसऱ्या दिवशी निघून गेलो असतो. माझा संसार, माझी मुलं, नोकरी, काहीच असं झालं नसतं."

"आसं?" ती म्हणाली. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "अन् तुझ्या मायनं चार दिसांत माझं येक पायलीभर पीठ वाया घालवलं, भाकरी शिकताना. ते नगं का सांगू?"

आम्ही दोघंही हसलो. मग लेकीनं जेवायला हाक मारली. पिठलं, भाकरी आणि ताजी मेथी होती. मामीनं आग्रह करकरून वाढलं आणि मी पोटभर जेवून चारच्या एसटीनं नांदेडला परत आलो.